एका पायाची धाव आणि आपले धर्मादाय खाते

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडून लेख हवाच असा आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम हात जोडले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात बेळगावच्या रविवार पेठेत ज्वारी, गहू, तूर आणि हरभऱ्याच्या थप्प्यांमध्ये गेली. लेखणी हाती धरली ती रोजमेळ आणि खतावणीपुरती. विद्वानांच्या पंक्तीत बसण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेली काही वर्षे एक हिशोब माझ्या मनात उघडा पडून आहे, आणि तो आपल्या व्यापारी बंधूंसमोर मांडल्यावाचून मिटेल असे वाटत नाही. म्हणून हे धाडस करीत आहे. भाषेतील उणिवा वाचकांनी पोटात घालाव्यात.

विषय एका धावणाऱ्या मुलाचा आहे. तो मुलगा आपल्या प्रांताचा नाही, देशाचाही नाही, आणि आपण त्याच्याविषयी ऐकण्याच्या कितीतरी वर्षे आधीच तो हे जग सोडून गेला. तरीही आपल्या धर्मादाय खात्याशी त्याचा संबंध कसा पोचतो, हे सांगण्यासाठी आधी घरचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आमचे दिवाणजी

आमच्या अडत दुकानावर ३१ वर्षे एकच दिवाणजी होते. माझ्या वडिलांनी त्यांना कामावर ठेवले होते. आकड्याला पक्के, शब्दाला त्याहून पक्के. व्यसन म्हणाल तर एकच, चुन्यात मळलेली तंबाखूची चिमूट सदैव गालात. २०१६ साली श्रावणात एके दुपारी त्यांनी मला गालाच्या आतील एक पांढरा चट्टा दाखविला. तिखट लागले की आग होते, असे म्हणाले. मी पाहिले आणि म्हणालो, “दिवाणजी, मका आणि सोयाबीनची आवक तोंडावर आली आहे. दिवाळीचे वहीपूजन होऊन जाऊ द्या, मग निवांत दाखवू.” त्यांनी मान हलविली आणि ते पुन्हा वहीत डोके घालून बसले. मालकाचा शब्द मोडण्याची त्यांना सवय नव्हती.

मार्गशीर्षात आम्ही मुंबईला गेलो, तेव्हा मानेत सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणी झाली आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरण्यास जागा मिळाली. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. दिवाणजी त्यानंतर १४ महिने जगले. अखेरच्या दिवसांत त्यांचे बोलणे नीट उमटत नसे. एकदा त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले, “मालक, माझे खाते काही जुळायचे नाही. बाकी पुढे ओढा.” मी हसण्याचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली. तोंडाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असतो, तेव्हा मानेत गाठ दिसत नाही. अशा वेळी तोंडातील रोगट भाग काढताना मानेतील ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात, की पुढे मान सुजलीच तर काढाव्यात? या प्रश्नावर जगभरच्या शल्यवैद्यांत अनेक दशके मतभेद होते. उगाच मान कापू नये असे एक पक्ष म्हणे, तर वाट पाहण्यात माणूस जातो असे दुसरा म्हणे. टाटा रुग्णालयाने २००४ ते २०१४ या काळात शेकडो रुग्णांचे दोन गट करून या प्रश्नाचा छडा लावला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ग्रंथी आरंभीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात ८० जण हयात होते, आणि वाट पाहिलेल्यांपैकी साडेसदुसष्ट.

नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ एका जुन्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर, आणि शंभरामागे साडेबारा जीव अधिक. आमच्या धंद्यात साडेबारा टक्के म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावयास नको.

ते ऐकताना माझ्या मनात दुसराच आकडा उभा राहिला, आणि आता मी माझ्या कबुलीजबाबाकडे येतो. सन २०११ च्या सुमारास आपल्याच धर्मादाय मंडळाच्या बैठकीत एक पत्र वाचण्यात आले होते. कर्करोगाच्या संशोधनासाठी यथाशक्ति साहाय्य करावे, अशी त्यात विनंती होती. मी त्या बैठकीस हजर होतो, आणि सर्वांत मोठ्या आवाजात विरोध केला तो मीच. “संशोधनाला दिलेला पैसा दिसतो कोठे?” असे मी विचारले होते. “धर्मशाळेस एक खोली बांधू, दारावर संगमरवरी पाटी बसवू, पन्नास वर्षे लोक नाव वाचतील.” सर्वांस ते पटले. खोली झाली, पाटीही झाली. खोली उपयोगाची आहे, तिची निंदा मी करीत नाही. परंतु मुंबईत ज्या वर्षांत त्या प्रश्नाचे उत्तर शोधले जात होते, त्याच वर्षांत मी येथे बसून असल्या शोधाला दमडी देऊ नये म्हणून भांडत होतो. आणि उत्तर हाती आल्यानंतरही, आवक आहे म्हणून मी दिवाणजींना चार महिने थांबविले. या दोन्ही नोंदी माझ्या नावे आहेत.

कॅनडातील तो रविवार

सन २०२३ मध्ये कन्या आणि जावई यांच्या आग्रहावरून मी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात काही महिने राहून आलो. सप्टेंबरातील एका रविवारी सकाळी कन्येने मला गावच्या बागेत नेले. गावातील धावणाऱ्यांचे मंडळ, शाळांतील मुले, हातात काठी घेतलेले वृद्ध, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, अशी चार-पाचशे माणसे जमली होती. शर्यत असेल असे मला वाटले. पण पहिला-दुसरा क्रमांक नाही, बक्षीस नाही, घड्याळ लावून कोणी उभा नाही. प्रवेशशुल्कही नाही. ज्याला जे द्यावयाचे ते त्याने पेटीत टाकावे, आणि धावावे किंवा चालावे. काही जणांनी लाल सदरे घातले होते. चौकशी करता कळले की, ते सारे कर्करोगातून उठलेले लोक आहेत. त्यांत एक आठ-नऊ वर्षांची मुलगीही होती.

एका मेजावर कागदी चिठ्ठ्या ठेविल्या होत्या. आपण कोणासाठी चालत आहोत ते लिहून चिठ्ठी छातीवर लावावयाची. कोणी ‘आई’ लिहिले होते, कोणी मित्राचे नाव. माझ्याही हाती चिठ्ठी आली. क्षणभर काय लिहावे ते सुचेना. मग मी मराठीत ‘आमचे दिवाणजी’ असे लिहिले आणि कोटाला लावले. तेथे ती अक्षरे कोणास वाचता येत नव्हती. परंतु एका वृद्ध बाईंनी चिठ्ठीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता माझ्या हातावर हात ठेविला. मी दोन मैल चाललो. गुडघ्यांनी पुढे नकार दिला.

ज्याच्या नावे हे सारे चालते, तो मुलगा म्हणजे टेरी फॉक्स.

एक वीस वर्षांचा मुलगा

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग येथे झाला आणि तो वाढला ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम या गावी. वडील रेल्वेत नोकरीस होते. मुलगा अंगाने लहानखुरा, पण जिद्दी, बास्केटबॉलचे वेड. १९७७ साली उजव्या गुडघ्यातील वेदनेचे निमित्त झाले आणि हाडाचा कर्करोग निघाला. पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या क्रीडाशिक्षकांनी त्याला एक मासिक आणून दिले. कृत्रिम पाय लावून न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावलेल्या डिक ट्रॉम या गृहस्थांची हकीकत त्यात होती. तेच बीज.

डॉक्टरांनी त्याला सांगितले की, औषधोपचारांनी वाचण्याची आशा शंभरात पन्नास आहे. मात्र दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा होती. अठरा वर्षांच्या मुलाने या दोन आकड्यांतील फरक मनात धरून ठेविला. मधल्या काळात कोणीतरी शोध लावला, आणि त्या शोधासाठी कोणीतरी पैसा दिला, म्हणून पंधराचे पन्नास झाले, हे त्याला उमगले. मी पन्नाशी ओलांडली तरी मला ते उमगले नव्हते.

पुढील १६ महिने औषधांच्या वेदना भोगताना त्याने शेजारच्या खाटांवरील मुले एकामागून एक जाताना पाहिली. त्यानंतर त्याने ठरविले की, कॅनडा देश पूर्व समुद्रापासून पश्चिम समुद्रापर्यंत धावत ओलांडावयाचा आणि संशोधनासाठी पैसा जमवावयाचा. सरावातच त्याने ५,००० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले. १९७९ साली एका शर्यतीत तो उतरला आणि सर्वांच्या शेवटी, अगदी एकटा, पोचला. लोक उभे राहून त्याची वाट पाहत होते.

दिनांक १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडविला, दोन बाटल्यांत समुद्राचे पाणी भरून घेतले आणि तो निघाला. त्यातील एक बाटली पॅसिफिक महासागरात रिती करावयाची होती. सोबतीला एक मित्र, डग अल्वर्ड. तोच गाडी हाकी आणि स्वयंपाक करी. आरंभी वादळ, पाऊस आणि हिमवर्षाव यांनी स्वागत केले. वर्तमानपत्रांत दोन ओळी येत. पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने मात्र दहा हजार डॉलरांहून अधिक निधी त्याच्या हाती ठेविला. माणशी एक डॉलर! क्यूबेक प्रांतात भाषा आड आली. मोटारवाले त्याला रस्त्याबाहेर दाबीत. तो चिडला, पण थांबला नाही.

त्याचे धावणे तरी कसे? चांगल्या पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायावर एक पाऊल. तुटलेल्या मांडीचा भाग सोलवटून रक्त येई. रोजचे उद्दिष्ट ४२ किलोमीटर. मी हिशोब करून पाहिला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर, म्हणजे सरासरी रोज साडेसदतीस. येथून खानापूर सुमारे २६ किलोमीटर. धावत खानापूर गाठावयाचे आणि परतीची जवळजवळ निम्मी वाट धावून मग विसावा घ्यावयाचा. आणि हे रोज, पावणेपाच महिने, एका पायावर.

ओंटारिओत शिरल्यावर मात्र देश जागा झाला. ओटावात गव्हर्नर जनरल आणि पंतप्रधान त्रूदो यांनी त्याची भेट घेतली. टोरंटोच्या नगरभवनासमोर दहा हजार माणसे जमली. तेथील मोठे हॉटेलमालक इसाडोर शार्प यांचा तरुण मुलगा कर्करोगाने गेला होता. त्यांनी मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय केली, दर मैलास दोन डॉलर देऊ केले, आणि सुमारे एक हजार कंपन्यांस तसेच करण्यास प्रवृत्त केले. व्यापारी मनावर घेईल तर काय करू शकतो, याचा हा दाखला आहे.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला खोकला आणि छातीत कळ आली. रोग फुप्फुसांत पोचला होता. त्या दिवसापर्यंत १७ लाख डॉलर जमले होते. आपण थांबलो तरी हे काम थांबू नये, एवढीच त्याची इच्छा होती. एका आठवड्याच्या आत दूरचित्रवाणीवरून झालेल्या आवाहनात एक कोटी पाच लाख डॉलर जमले. १ फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी दोन कोटी ४१ लाखांवर गेला आणि देशातील माणशी एक डॉलर हे त्याचे स्वप्न त्याच्या हयातीत पुरे झाले. २८ जून १९८१ रोजी तो गेला. तेविसावे वर्ष पुरे होण्यास एक महिना उणा होता.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला त्याच्या नावे पहिली धाव निघाली. तीन लाख लोक धावले आणि ३५ लाख डॉलर जमले. तेव्हापासून ही प्रथा खंडली नाही. अनेक देशांत ती पसरली. आपल्या मुंबईतही ही धाव निघाली आणि तिचा निधी टाटा रुग्णालयातील संशोधनास गेला. आजवर एकूण ८५ कोटी कॅनडियन डॉलरांहून अधिक पैसा यातून उभा राहिला आहे.

अट आणि हिशोब

या साऱ्या हकीकतीत मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते एका बारीक गोष्टीने. टेरीला मोटार कंपनीने गाडी दिली, तेल कंपनीने इंधन दिले, जोडे करणाऱ्यांनी जोडे दिले. ते त्याने घेतले. परंतु ज्या ज्या कंपनीने आपल्या मालाची शिफारस कर असे सुचविले, तिला त्याने नकार दिला. अट घालून दिलेले दान त्याने घेतले नाही. आपल्या धावण्यातून कोणाचाही नफा होता कामा नये, हा त्याचा दंडक होता, आणि आजही ती धाव त्याच दंडकाने चालते.

या स्मरणिकेच्या कितीतरी पानांवर आपल्या दुकानांच्या जाहिराती आहेत, आणि त्यांत माझीही आहे. जाहिरात वाईट असे मी म्हणत नाही. धंदा हा धंदा आहे. प्रश्न इतकाच की, धर्मादाय खातेदेखील आपण जाहिरात खात्यासारखेच चालवितो की काय? पोत्यामागे धर्मादाय काढण्याची चाल आपल्या वाडवडिलांनी घातली, तेव्हा ते पैसे आपले नव्हतेच. ते शेतकऱ्याच्या, गिऱ्हाइकाच्या घामाचे होते. त्यावर पाटी मात्र आपल्या नावाची.

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. संशोधनास दिलेले दान यांतील कोणते, असे मी एका वृद्ध पंडितांस विचारले. ते थोडा वेळ स्वस्थ बसले आणि म्हणाले, “औषध अद्याप व्हावयाचे आहे, म्हणून आज ते ज्ञानदान. उद्या ते औषध होईल, मग औषधदान. आणि मरणाचे भय उणे झाले, म्हणजे अभयदान.” मला यापुढे काही विचारावयाचे उरले नाही.

संशोधन म्हणजे कोट्यवधींची यंत्रे, आपल्यासारख्यांचे तेथे काय काम, असाही एक समज आहे. तो खरा नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी दीड लाख स्त्रियांवर एक प्रयोग चालविला. गर्भाशयाच्या मुखाशी पातळ केलेले व्हिनेगर लावावयाचे आणि मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे. रोगट भाग पांढरा दिसतो. ही तपासणी करणाऱ्या बाया दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांना चार आठवड्यांचे शिक्षण दिले होते. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला की, या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मॅट्रिक झालेल्या माणसाने त्या रात्री थोडे समाधान मानले, हे लपवीत नाही.

एक विनंती

लेख लांबला. आता मूळ मुद्दा मांडून रजा घेतो. येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी लेखी ठराव ठेवणार आहे. आपल्या धर्मादाय उत्पन्नाचा दहावा भाग दरवर्षी कर्करोगाच्या संशोधनासाठी जावा. त्यावर कोणाचे नाव नसावे, पाटी नसावी, आणि अमक्याच रोगावर वा अमक्याच नावाने खर्च करा अशी अटही नसावी. मात्र वर्षाअखेर हिशोब मागवावा. अट घालणे वेगळे आणि हिशोब मागणे वेगळे, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. त्याशिवाय वर्षातून एका रविवारी पहाटे किल्ल्यापासून आपण, आपली मुले, दिवाणजी आणि हमाल मंडळी यांनी मिळून चालावे. क्रमांक नको, बक्षीस नको, दुकानाचा फलक नको. छातीवर फक्त एक चिठ्ठी.

दुसरी विनंती ठरावातील नव्हे, घरातील आहे. आपल्या दुकानावर कोणी गालातला चट्टा दाखविला, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यावे. आवक दरवर्षी येते.

ठरावास विरोध होईल. “हा पैसा दिसणार कोठे?” असा प्रश्न कोणीतरी विचारील. तो मीच एकदा विचारला होता, तेव्हा विचारणाऱ्यावर मी रागावणार नाही. त्याला मी माझ्या शेजारी बसवून दिवाणजींची शेवटची वही दाखवीन. तिच्या अखेरच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरांत, प्रत्येक वर्षी लिहीत तशीच, एक ओळ आहे: मागील बाकी पुढे ओढली.